पोलादात आटे पाडण्याचा हँड टॅप संच: टॅप उत्तम, ड्रिल आणि तक्ता मात्र तपासूनच वापरावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूल्सच्या दुकानातून आमच्या कारखान्यासाठी एम ३ ते एम १२ मापांच्या (म्हणजे ३ ते १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टसाठीच्या) हँड टॅपचा, म्हणजे भोकाच्या आत हाताने आटे पाडणाऱ्या हत्यारांचा, संच घेतला. जिग-फिक्स्चरच्या रोजच्या कामात तो काही महिने वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. पत्र्याच्या पेटीत एम ३, एम ४, एम ५, एम ६, एम ८, एम १० आणि एम १२ या सात मापांचे प्रत्येकी तीन टॅप, प्रत्येक मापासाठी एक टॅपिंग ड्रिल (टॅपच्या आधी भोक पाडायचे ड्रिल) आणि सरकत्या जबड्याचे एक टॅप हँडल येते. झाकणाच्या आतल्या बाजूला ड्रिलची मापे आणि दर मिनिटाचे फेरे सांगणारा तक्ता चिकटवलेला आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही. अशा पेट्या निरनिराळ्या नावांनी बाजारात मिळतात, आणि त्यांपैकी कोणतीही निवडताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. थोडक्यात मत असे की या संचातील टॅप पैसे वसूल करून देणारे आहेत, पण सातपैकी दोन ड्रिलची मापे चुकीची आहेत, आणि तक्त्यातील फेऱ्यांचा रकाना जसाच्या तसा पाळला तर ड्रिल जळतील आणि टॅप तुटतील.

आधी टॅपविषयी. ते एम २ जातीच्या हायस्पीड स्टीलचे, म्हणजे सुमारे सहा टक्के टंगस्टन आणि पाच टक्के मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाचे आहेत, आणि त्यांचे आटे ग्राइंड केलेले आहेत. भिंगातून पाहिले तर आट्याच्या दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात आणि कापणाऱ्या धारेवर बर, म्हणजे धातूची उचललेली कड, नाही. रचना डीआयएन ३५२ या जर्मन मानकाप्रमाणे आहे: पहिल्या टॅपच्या दांड्यावर एक गोल खूण, दुसऱ्यावर दोन खुणा आणि तिसऱ्यावर एकही नाही. या खुणांचा अर्थ नव्या मुलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावा, कारण अशा संचात पहिले दोन टॅप मुद्दाम कमी मापाचे असतात आणि आट्याचा पूर्ण आकार फक्त तिसराच देतो. आरपार भोकात दुसरा टॅप खालपर्यंत गेला म्हणून काम संपले असे मानून पुढे गेले की बोल्ट दोन-तीन आट्यांत अडकतो, आणि मग दोष बोल्टला दिला जातो. ज्या संचांत तिन्ही टॅप पूर्ण मापाचेच असून फक्त टोकाचा उतार कमी-जास्त असतो, त्यांची सवय असलेल्या कारागिराची येथे हमखास गल्लत होते. एकच भार तीन टॅपमध्ये वाटला गेल्यामुळे ईएन ८ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादातही हाताला जोर बेताचाच लागतो. एम ६ चा तिसरा टॅप बराच वापरल्यावरही त्याने पाडलेल्या आट्यांत ६एच चे (आतल्या मेट्रिक आट्यांच्या नेहमीच्या अचूकता-श्रेणीचे) गेज व्यवस्थित चालते: गो बाजू हाताने शेवटपर्यंत जाते आणि नो-गो सुरुवातीलाच थांबते.

आता ड्रिल. मेट्रिक आट्यांसाठी भोकाचे माप काढण्याचा सर्वांना ठाऊक असलेला नियम म्हणजे बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधील अंतर, वजा करणे. एम ६ ची पिच १ मिलिमीटर, म्हणून ५.० चे ड्रिल. एम १० ची १.५, म्हणून ८.५ चे. एम ८ मध्ये पिच १.२५ असल्याने उत्तर ६.७५ येते आणि ६.८ चे ड्रिल घेतात. संचात ही तिन्ही ड्रिल बरोबर आहेत, तसेच एम ३ साठी २.५ आणि एम ५ साठी ४.२ हीदेखील. पण एम ४ सोबत ३.३ ऐवजी ३.२ चे आणि एम १२ सोबत १०.२ ऐवजी सरळ १०.० चे ड्रिल दिले आहे, आणि तक्त्यातही तीच मापे छापली आहेत. त्यामुळे ही पॅकिंग करणाऱ्याची नजरचूक म्हणता येत नाही. टॅपिंगपूर्वीच्या ड्रिलसाठी आयएसओ २३०६ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात या दोन मापांसाठी ३.३ आणि १०.२ हेच आकडे आहेत.

एक दशांश मिलिमीटरने काय बिघडते, असे विचारले जाते, म्हणून हिशेब मांडतो. बोल्टच्या व्यासातून ड्रिलचा व्यास वजा करून त्याला पिचने भागावे आणि ७७ ने गुणावे, म्हणजे आट्याची उंची किती टक्के मिळेल ते कळते. व्यास वजा पिच हा नियम पाळला की उत्तर नेहमी ७७ टक्केच येते, आणि तो नियम इतका टिकून राहण्याचे कारणही हेच आहे. एम ४ ला ३.३ चे ड्रिल वापरले तर ७७ टक्के आणि ३.२ वापरले तर ८८ टक्के. एम १२ ला १०.२ ने ७९ टक्के आणि १०.० ने पुन्हा ८८ टक्के. वाढलेल्या या टक्क्यांनी जोडाची ताकद जवळजवळ वाढत नाही. शंभर टक्के उंचीचा आटा हा पंचाहत्तर टक्क्यांच्या आट्यापेक्षा जेमतेम पाच टक्के मजबूत असतो, पण तो पाडायला सुमारे तिप्पट जोर लागतो, असा कार्यशाळेतला जुना ठोकताळा आहे. एम १२ चा जाड टॅप हा जादा जोर सोसून नेतो. एम ४ चा टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप भोकातून काढण्यासाठी स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) जॉब पाठवण्याचा खर्च सबंध संचाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. मर्यादांच्या दृष्टीनेही ही मापे टिकत नाहीत. ६एच आट्यात एम १२ च्या आतल्या व्यासाची किमान मर्यादा १०.१०६ आहे. १०.० चे ड्रिल नेहमीप्रमाणे थोडे मोठे कापेल असे धरले तरी भोक त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. एम ४ साठी किमान ३.२४२ आणि कमाल ३.४२२ आहे, म्हणजे ३.२ चे ड्रिल अगदी काठावर आणि ३.३ चे निर्धास्त मध्यावर.

याच हिशेबाचा दुसरा उपयोग तक्त्यात कुठेच नाही, आणि ही उणीव मला ड्रिलच्या चुकीपेक्षाही मोठी वाटते. तक्ता सगळ्या पोलादाला एकच माप सांगतो. माइल्ड स्टीलमध्ये ७७ टक्के ठीक आहे, पण एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलमध्ये किंवा उष्णता-प्रक्रिया केलेल्या ईएन २४ या मिश्र पोलादात ६५ ते ७० टक्के पुरतात आणि टॅपचे आयुष्य लक्षणीय वाढते. बोल्टच्या व्यासाइतकी खोली आट्यात गुंतलेली असेल, म्हणजे एम १० साठी १० मिलिमीटर, तर आटे सुटण्याआधी बोल्टच तुटतो. त्यामुळे उंची थोडी कमी ठेवण्यात धोका नाही. अशा कठीण पोलादासाठी आम्ही एम ५ ला ४.३, एम ६ ला ५.१, एम १० ला ८.६ आणि एम १२ ला १०.३ ची ड्रिल वेगळी आणून पेटीत ठेवली आहेत. ही चारही मापे ६एच च्या कमाल मर्यादेच्या आत बसतात: एम ६ ची कमाल ५.१५३ आहे आणि एम १० ची ८.६७६. एम ८ बाबत मात्र जपून राहावे लागते, कारण ६.९ चे ड्रिल आणि ६.९१२ ही मर्यादा यांच्यात शंभरांश मिलिमीटरच उरतो आणि टोक किंचित वाकडे ग्राइंड झाले असेल तर भोक मर्यादेबाहेर जाते. तिथे ६.८ वरच थांबून तेल अधिक वापरणे आम्हाला सोयीचे पडते.

फेऱ्यांच्या रकान्याकडे वळतो. ड्रिलसाठी तक्ता ५.० ला २५५०, ८.५ ला १५०० आणि १०.० ला १२७० फेरे सांगतो. फेऱ्यांना व्यासाने गुणून ३१८ ने भागले की कापण्याचा वेग मीटरमध्ये मिळतो, आणि वरच्या तिन्ही आकड्यांचे उत्तर मिनिटाला ४० मीटर येते. हा वेग टायटेनियम नायट्राइडचा सोनेरी लेप असलेल्या ड्रिलला, व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर), कूलंटची धार सतत चालू असताना आणि मऊ पोलादात चालू शकेल. पेटीतील ड्रिल बिनलेपाची आहेत आणि ती घेणारा बहुतेक वेळा पिलर ड्रिलवर (खांबावर बसवलेल्या साध्या ड्रिल मशीनवर), बाटलीतून तेल टाकत काम करणार आहे. अशा कामाला माइल्ड स्टीलमध्ये २५ मीटरच्या आसपास, ईएन ८ मध्ये १८ ते २२, कडक केलेल्या ईएन २४ मध्ये १० ते १५ आणि एसएस ३०४ मध्ये १० ते १२ मीटर हा वेग योग्य. म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये ३.३ च्या ड्रिलला सुमारे २४००, ५.० ला १६००, ६.८ ला ११७०, ८.५ ला ९४० आणि १०.२ ला ७८० फेरे. पट्टा बदलण्याच्या मशीनवर नेमका हा आकडा मिळत नाही. जवळची खालची पायरी निवडावी, वरची नव्हे.

ईएन ८ च्या २० मिलिमीटर जाडीच्या प्लेटमध्ये एम १० चे आटे पाडताना ८.५ चे ड्रिल आम्ही ७५० च्या जवळच्या पायरीवर चालवले. सेंटर पंचाच्या खुणेवर आधी लहान ड्रिल मारून घेतले होते, त्यामुळे टोक भरकटले नाही. दोन्ही खोबणींतून सारख्याच जाडीच्या, चांदीसारख्या पांढऱ्या चिप कुरळ्या होऊन वर येत राहिल्या आणि भोक संपेपर्यंत त्यांचा रंग बदलला नाही. ८.५ चे पिन गेज आत गेले, ८.६ चे अडले. त्याच प्लेटच्या टाकाऊ कोपऱ्यावर तक्त्याप्रमाणे १५०० च्या जवळच्या पायरीवर चालवून पाहिले, तेव्हा अर्ध्या खोलीतच चिप पिवळसर आणि मग निळी येऊ लागली, तेलाचा धूर झाला आणि ड्रिलच्या बाहेरच्या कोपऱ्यांवरची धार चकाकू लागली. धार चकाकते याचा अर्थ ती गोल झालेली असते. असे ड्रिल पुन्हा धार लावल्याशिवाय वापरले तर ते कापण्याऐवजी घासते, भोकाचा आतला पृष्ठभाग कडक होतो, आणि त्यानंतर येणाऱ्या टॅपला त्याची किंमत मोजावी लागते. टॅप तुटला की लोक टॅपची जात विचारतात, पण बहुतेक वेळा कारण आधीच्या ड्रिलच्या फेऱ्यांत असते.

स्टेनलेसमध्ये हे अधिकच खरे आहे. एसएस ३०४ घासले गेले की जागच्या जागी कडक होते, म्हणून ८.६ च्या ड्रिलला साधारण ३७० फेरे आणि हाताचा दाब सतत हवा. मध्येच दाब सोडून ड्रिल नुसते फिरत ठेवले तर तेवढ्या क्षणात खालचा थर कडक होतो. अनेक छोट्या पिलर ड्रिलची सर्वांत खालची पायरीच साडेचारशे-पाचशे फेऱ्यांची असते, तेव्हा एवढ्या व्यासाचे स्टेनलेसचे काम अशा मशीनवर घेऊच नये किंवा पाच टक्के कोबाल्टचे एम ३५ जातीचे ड्रिल घ्यावे. पेटीतील ड्रिल स्टेनलेससाठी नाहीत. तक्त्यात मात्र 'स्टील' एवढाच शब्द आहे आणि ग्राहकाने त्यात सर्व काही आले असे समजले तर त्याचा दोष नाही.

तक्त्यात टॅपिंगचेही फेरे दिले आहेत: एम ६ ला ८०० आणि एम १० ला ५००. हा रकाना हाताने चालवायच्या टॅपच्या पेटीवर छापणेच मला बेजबाबदारपणाचे वाटते. हे आकडे मिनिटाला १५-१६ मीटरचे होतात, आणि तो वेग लेप दिलेल्या गन टॅपचा, म्हणजे चिप पुढे ढकलत जाणाऱ्या मशीन टॅपचा, आरपार भोकातला आहे. सरळ खोबणीच्या हँड टॅपमध्ये चिपला बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून तर हाताने फिरवताना अर्धा-पाऊण फेरा पुढे आणि पाव-अर्धा फेरा मागे घेऊन चिप मोडावी लागते. मागे घेताना चिप तुटल्याची बारीक कट अशी जाणीव हँडलमधून हाताला येते, आणि ती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्यांना मशीनवरच आटे पाडायचे आहेत त्यांनी आरपार भोकासाठी गन टॅप आणि बंद भोकासाठी स्पायरल टॅप घ्यावा. बिनलेपाचा असेल तर माइल्ड स्टीलमध्ये ८ मीटरपासून सुरुवात करावी, म्हणजे एम ६ ला सुमारे ४२० आणि एम १० ला २५० फेरे, आणि स्टेनलेसमध्ये ३ ते ५ मीटरच्या वर जाऊ नये. व्हीएमसीवर रिजिड टॅपिंग करताना (टॅप घट्ट पकडून, मशीननेच फेऱ्यांशी जुळवून आत ढकलताना) फीड, म्हणजे टॅप आत सरकण्याचा वेग, हा निवडीचा विषय राहत नाही: फेरे गुणिले पिच, म्हणजे एम १० ला २५० फेऱ्यांवर मिनिटाला ३७५ मिलिमीटर. यात जराही फरक पडला तर आटे फाटतात किंवा टॅप.

हँडल हा या पेटीतील सर्वांत कमजोर भाग. एकच लांब हँडल एम ३ पासून एम १२ पर्यंत वापरण्याची अपेक्षा आहे. एम १२ ला त्याची लांबी योग्य आहे, पण एम ३ आणि एम ४ च्या टॅपला त्याच हँडलने बोटभर जोर लावला तरी तो टॅप पिळवटून टाकायला पुरतो. शिवाय हँडलच्या स्वतःच्या वजनाने टॅप एका बाजूला झुकतो. लहान तीन मापांसाठी टी आकाराचे छोटे हँडल वेगळे घ्यावेच. टॅप दोन फेरे आत गेला की हँडल काढून गुण्या दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, लावून पाहावा. तिरपा असेल तर तो सुरुवातीच्या या दोन फेऱ्यांतच सुधारता येतो, नंतर दाबून सरळ करायला गेले की तो तुटतो. भोकाच्या तोंडाला आट्याच्या व्यासापेक्षा थोडी मोठी काउंटरसिंक (तोंडाची उतरती कड) आधी मारून घेतली तर टॅप सरळ बसायला मदत होते आणि वरचा पहिला आटा उचलला जात नाही. तेलाच्या बाबतीत पेटीसोबत आलेल्या सूचनापत्रात केरोसीनही चालेल असे लिहिले आहे. ते ॲल्युमिनियमला चालते. पोलादात गंधकयुक्त घट्ट कटिंग ऑइलच वापरावे.

बंद भोकाविषयी सूचनापत्र एकही शब्द बोलत नाही, म्हणून सांगतो: तिसऱ्या टॅपच्या टोकालाही सुमारे दोन आट्यांचा उतार असतो आणि तळाशी चिप साचते, तेव्हा हव्या असलेल्या आट्यांच्या खोलीपेक्षा ड्रिल किमान चार-पाच पिच खोल गेले पाहिजे. एम ८ साठी ही जादा खोली पाच-सहा मिलिमीटर होते. जॉबची जाडी तेवढी नसेल तर ड्रॉइंग करणाऱ्याशी आधीच बोलावे.

संचात फाइन पिचचे एकही माप नाही. हायड्रॉलिक किंवा वाहनांच्या सुट्या भागांचे काम करणाऱ्यांना एम १० × १.२५ किंवा एम १२ × १.५ लागतात, आणि त्यांची ड्रिल अनुक्रमे ८.८ आणि १०.५ अशी वेगळी असतात. त्यांनी ही पेटी न घेता लागतील तेवढी मापे सुटी घ्यावीत. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीची कामे करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट एम ६ सारखाच दिसतो, पण त्याचा व्यास ६.३५, इंचाला २० आटे आणि आट्याचा कोन ६० ऐवजी ५५ अंश असतो, त्यामुळे त्या भोकात एम ६ चा टॅप घालून 'आटे साफ' करायला गेले की उरलेले आटेही जातात.

माइल्ड स्टील आणि ईएन ८ मध्ये हाताने आटे पाडणाऱ्या फॅब्रिकेशन शेडला, डाय-मोल्डच्या छोट्या कार्यशाळेला किंवा आयटीआयच्या फिटर विभागाला हा संच मी घ्यायला सांगेन, तो केवळ टॅपच्या दर्जामुळे. घेताना दुकानातच व्हर्नियर लावून सातही ड्रिल मोजावीत. आम्ही तक्रार नेल्यावर दुकानदाराने ३.२ चे ड्रिल परत घेऊन ३.३ चे बदलून दिले, १०.२ चे मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावे लागले. झाकणावरच्या तक्त्याचा फेऱ्यांचा रकाना आम्ही कोऱ्या पट्टीने झाकला असून तिच्यावर आमच्या पिलर ड्रिलच्या पट्ट्याच्या पायऱ्यांप्रमाणे माइल्ड स्टील, ईएन ८ आणि ३०४ असे तीन रकाने लिहून ठेवले आहेत.